उस्ताद आणि चाळीस नंबरचं तेल

परवा सूनबाईनं नव्या गाडीच्या बॉनेटवर मोबाईल ठेवला आणि मला हाक मारली. "बाबा, फुल सिंथेटिक तेलात परवडणारं कुठलं? इथं तर पंचवीस-तीस दिसतायत. डोकं फिरायची वेळ आली."

मी उभा जन्म गॅरेजात घालवलेला माणूस. एखादं नाव सांगून मोकळं व्हायचं. पण माझ्या तोंडून निघालं, "रोज किती चालवतेस? शाळेपुरतीच नेतेस की लांब पण जातेस? उभी कुठं करतेस, सावलीत का उन्हात?"

ती हसायला लागली. "बाबा, तेल घ्यायचंय. सोयरीक नाही जमवायची."

शेवटी तिला सांगितलं, की गाडीसोबत आलेलं पुस्तक उघड, त्यात जो नंबर लिहिलाय तो बघ, त्या नंबरात ओळखीच्या दुकानात जे सगळ्यात स्वस्त सीलबंद मिळेल ते घे आणि वेळेवर बदल. तिचं समाधान झालं. माझं झालं नाही. ते प्रश्न माझे नव्हते आणि उत्तरही माझं नव्हतं. ज्या माणसाचं होतं, त्याच्यावर मी जितका जळलो तितका जगात दुसऱ्या कुणावर जळलो नाही.

त्यांना सगळे उस्ताद म्हणत. बहात्तरच्या दुष्काळानंतर आमच्या भागात एका सहकारी संघानं येरमाळ्याजवळ रस्त्याला लागून वर्कशॉप काढलं होतं. पत्र्याची शेड, एक लिंबाचं झाड, दोन ट्रक, एक जीप आणि दुष्काळात पाण्यासाठी घेतलेला एक टँकर. मी नुकताच आयटीआय करून आलो होतो. मेकॅनिक म्हणून लागलो. माझं सर्टिफिकेट मी काचेत बसवून शेडच्या भिंतीला लावलं होतं. उस्ताद कागदोपत्री जीपचे ड्रायव्हर. पण फाटकातून आत येणारा माणूस माझ्या अंगावरून पुढं जायचा आणि विचारायचा, "उस्ताद हायत का?"

मी म्हणायचो, "काय काम आहे? मी मेकॅनिक आहे."

"न्हाय, उस्तादांस्नीच इचारायचं व्हतं."

असं दिवसातून तीन-चार वेळा व्हायचं. तुम्हाला सांगतो, माणूस भुकेनं जेवढा वाळत नाही तेवढा अशा वाक्यानं वाळतो.

उस्ताद तेव्हा पन्नाशीचे असतील. उंच, सडपातळ, अंगात कायम पांढरा शर्ट. वर्कशॉपात पांढरा शर्ट! मी सकाळी दहालाच कोपरापर्यंत काळा झालेला असायचो. ते दिवसभर इंजनात हात घालून संध्याकाळी निघाले तरी शर्टावर एक ठिपका नसायचा. मला वाटायचं, हा माणूस मला हिणवायलाच पांढरं घालतो. पुढं कळलं, त्यांच्याकडं तसलेच तीन शर्ट होते आणि बायको गेल्यापासून ते स्वतः धूत. पण कळलं म्हणून हेवा कमी झाला नाही.

त्यांचा सगळ्यात मोठा विक्षिप्तपणा म्हणजे टीपकागद. शाळेत शाई टिपायला वापरायचा तो गुलाबी कागद. गाडी आली की ते तेलाची कांडी उपसायचे, एक थेंब टीपकागदावर सोडायचे आणि कागद लिंबाच्या सावलीत दगडाखाली ठेवून द्यायचे. मग दोन तास कुणी काही विचारलं तरी उत्तर नाही. थेंब पसरायचा. मधे काळा ठिपका, भोवती तपकिरी कडं, त्याच्या बाहेर फिकट वलय. मग ते कागद उन्हात धरायचे आणि सांगायचे, तेलात धूळ गेलीय, पाणी गेलंय, की तेल अजून महिनाभर चालतंय.

याला ते कुंडली म्हणत. "माणसाची कुंडली खोटी. बाबासाहेबांनी आमच्या घरातनं ती कवाच भाईर काढली. इंजनाची मातर खरी."

सल्ल्याचे पैसे कधी घेतले नाहीत. चहासुद्धा नाही. "दोन टीपकागद आणून द्या," एवढंच. येरमाळ्याच्या शाळेतले मास्तर म्हणायचे, आमच्या पोरांची अक्षरं पसरायला लागली ती उस्तादांमुळं.

तेल कुठलं टाकायचं, हा त्या काळात मोठाच प्रश्न होता. पिंपातलं सुटं तेल मिळायचं. ते स्वस्त, पण बहुतेकदा कुणाच्या तरी गाडीतून काढून गाळलेलं. सीलबंद डबे होते, त्यांत साधं तीस आणि चाळीस नंबर, नंबर जितका मोठा तितकं तेल घट्ट. आणि सोलापूरला नव्यानं भारी तेल यायला लागलं होतं, दोन नंबरांचं, थंडीत पातळ आणि उन्हात घट्ट राहणारं. आमच्या आयटीआयच्या सरांनी त्या तेलाची इतकी तारीफ केली होती की मला ते म्हणजे शिकलेल्या माणसाचं तेल वाटायचं. उस्तादांना विचारलं की ते आधी माणसाला दहा प्रश्न विचारत. किती चालवता? कुठल्या रस्त्यानं? फुफाट्यातनं का डांबरावरनं? गाडीत माणसं किती कोंबता? खरं सांगा, डाक्टर आन उस्ताद ह्यांच्यापाशी लपवू नका. आणि मग बहुतेकांना एकच सांगत, "चाळीस नंबर. साधा सीलबंद डबा. डब्यावरचं चित्र इंजनात जात न्हाय. तेल महाग नसतंय, हयगय महाग असती."

तरुणपणी ते हैदराबादेकडं एका विमानतळावर गाड्या धुवायला होते. तिथल्या मिस्त्रीनं त्यांना म्हणे विमानाच्या तेलाचा डबा दाखवला होता. जमिनीतून न काढता कारखान्यात बनवलेलं तेल. "पाण्यावानी पातळ, आन कितीबी तापवा, करपायचं नाव न्हाय," असं ते सांगत. "एक दिवस तुमच्या-आमच्या गाडीलाबी तसलं येईल. तवाबी लोक हेच इचारतील, त्यातलं स्वस्तातलं कुठलं?" सगळे हसायचे. मी हसायचो नाही. मला वाटायचं, थापा मारतोय.

माझे वडील, आबा, मेंढपाळ. दुष्काळात चारा नाही, पाणी नाही, म्हणून त्यांनी सगळी मेंढरं विकली. विकून आले ते तसेच घरामागच्या रिकाम्या वाड्यात जाऊन बसले आणि दिवस मावळल्यावर बाहेर आले. त्या पैशातून त्यांनी एका लिलावात जुनी जीप घेतली. देवीच्या यात्रेला, बाजाराला माणसं ने-आण करायची असा विचार. पंचेचाळिशीत ते गाडी शिकले. शिकवलं कुणी? घरात आयटीआय झालेला पोरगा असताना शिकवलं उस्तादांनी.

मला त्या दिवसापासून झोंबायला लागलं. आबा रोज संध्याकाळी वर्कशॉपात येत आणि लिंबाखाली उस्तादांजवळ बसत. "जय भीम, उस्ताद," आबा म्हणत. "रामराम, आबा," उस्ताद म्हणत. दोघांनी एकमेकांचा नमस्कार वाटून घेतला होता. मग तास-दोन तास दोघांची डोकी जवळ. मी ट्रकखाली पाठीवर पडून बघायचो. आबा घरी माझ्याशी दिवसात चार वाक्यं बोलत. जेवलास का, पाणी आण, दार लाव, निघालास का. त्या माणसाशी दोन तास काय बोलत असतील?

उस्ताद पहिल्यांदा घरी आले तेव्हा आईनं त्यांच्यासाठी वेगळी कपबशी काढली होती. आबांनी काही न बोलता ती आपल्याकडं ओढली, तिच्यातून स्वतः चहा प्याले आणि आपला कप उस्तादांपुढं सरकवला. त्यानंतर आमच्या घरात कपबशी वेगळी राहिली नाही. आज मला त्या गोष्टीचा अभिमान वाटतो. त्या दिवशी मात्र मनात एवढंच आलं, की आबांनी माझ्यासाठी कधी असं काही केलेलं आठवत नाही. पुढं एकदा रागात आईजवळ मी उस्तादांच्या जातीवरून वाईट बोललो. जातीचं काहीच नव्हतं त्यात. हेव्याला हाताशी येईल तो दगड चालतो. आईनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "हे तुझ्या आबाच्या कानावर गेलं तर ह्या घरात राहशील का तू?"

तेरखेड्याचे एक फटाकेवाले होते. दिवाळीनंतर हातात पैसा खुळखुळायचा, त्यांनी जुनी अँबेसिडर घेतली आणि थाटात वर्कशॉपात आले. मी पुढं झालो. त्यांनी मला नमस्कार केला आणि माझ्या खांद्यावरून मागं बघत विचारलं, "उस्ताद?"

उस्तादांनी थेंब टाकला. दोन तास फटाकेवाले झाडाखाली बसून राहिले. मग म्हणाले, "मला सगळ्यात भारी तेल सांगा. सोलापूरला नवीन आलंय म्हणे."

"ते नगं. चाळीस नंबर टाका."

"का बरं? मला परवडत न्हाय, असं वाटतं व्हय तुमाला?"

"तुमाला परवडतंय. गाडीला परवडत न्हाय." उस्तादांनी कागद त्यांच्यापुढं धरला. "ह्ये काळं बघा. आदल्या मालकानं सुटं तेल घालून घालून इंजनात मळ साचवलाय. त्या मळावरच ते आता चालतंय. भारी तेलात साबण असतोय. साबण मळ सोडवतो. सोडवलेला मळ जातो कुठं? इंजनाखाली तेलाचं चेंबर असतंय, त्याच्या तळाला पंपाची जाळी हाय, तिच्यात अडकतो. जाळी तुंबली की वर तेल चढत न्हाय. आधी चेंबर उतरवून धुवा, मग टाका काय टाकायचं ते."

फटाकेवाल्यांनी मान डोलावली. मला राहवलं नाही. मी म्हणालो, "उस्ताद, असं कुठल्या पुस्तकात आहे?"

ते माझ्याकडं वळले. "पुस्तकात नसंल, फिटरसाहेब. जाळीत हाय."

सगळे हसले. ते मला कायम फिटरसाहेब म्हणत. आज वाटतं कौतुकानं म्हणत असतील. तेव्हा तो शब्द मला काट्यासारखा टोचायचा.

आबांच्या जीपलाही त्यांनी चाळीस नंबरच सांगितलं होतं. मागच्या मालकाचा मळ तिच्यातही होता. "एक हंगाम असंच चालू द्या, पावसाळ्यात काम नसतंय तवा चेंबर उतरवू," असं ठरलं होतं. मी आबांना म्हणालो, "मी सांगतो ते तेल टाका. जीपचं आयुष्य वाढेल."

आबा म्हणाले, "उस्तादांस्नी इचार."

"मी शिकलोय आबा. सर्टिफिकेट आहे माझ्याकडं."

"आरं म्हणूनच म्हंतो. शिकलेल्या माणसानं इचारावं."

मी विचारलं नाही. चैत्रातल्या येडेश्वरीच्या यात्रेला दोन दिवस राहिले होते. मी सोलापूरहून भारी तेलाचे डबे आणले. आबा बाजारला गेलेले असताना जीपमधलं तेल काढलं आणि नवीन भरलं. चेंबर उतरवलं नाही. रिकामे डबे मेंढरांच्या वाड्यात गवताखाली सारले. मनात असं होतं, की यात्राभर जीप अशी पळेल की आबा स्वतः म्हणतील, काय केलंस रं हिला? मग मी सांगीन. उस्तादांसमोर, लिंबाखाली, सगळ्यांच्या देखत सांगीन.

आणि खरंच, दोन दिवस जीप अशी पळाली! आवाज हलका, गाडी कशी नवी नवरी. आबा उस्तादांना म्हणाले, "तुमचं तेल लई मानवलं बघा हिला." मी दात खाऊन गप्प राहिलो. म्हटलं, आणखी थोडं थांबू.

तिसऱ्या दिवशी यात्रेचीच माणसं भरून आबा येरमाळ्याकडं निघाले होते. बारा-तेरा जण, त्यात दोन लेकुरवाळ्या. भर दुपारची वेळ. चढाला इंजनातून ठकठक सुरू झाली आणि दोनशे पावलं जाईतो इंजन जाम झालं. गाडी थांबली आणि मागं सरकायला लागली. ब्रेक तसाही कच्चा. आबांनी हँडब्रेक ओढला, तो धरेना. त्यांनी उडी मारली, रस्त्याकडेचा एक मोठा धोंडा उचलला आणि मागच्या चाकाखाली सारला. धोंडा बसला, गाडी थांबली. पण चाकाखाली आबांचा उजवा पायही बसला होता.

माणसं सगळी वाचली. आबांच्या पायाची दोन बोटं गेली.

मी दवाखान्यात पोचलो तेव्हा आबा शुद्धीवर होते. पायाला हे मोठं बँडेज. मला बघून म्हणाले, "उस्तादांस्नी सांगितलं का कुणी?"

एवढं सगळं माझ्या हातून झालेलं, आणि तरीही त्या क्षणी माझ्या मनात काय आलं? आत्तासुद्धा उस्तादच पाहिजेत यांना.

जीप ओढून वर्कशॉपात आणली होती. उस्तादांनी चेंबर उतरवलं तेव्हा मी शेजारी उभा होतो. पंपाची जाळी काळ्या गाळानं लिंपून गेली होती, डांबर ओतल्यासारखी. त्यांनी चेंबरमधलं तेल बोटावर घेतलं, अंगठ्यानं चोळलं, नाकाला लावलं. एकदा माझ्याकडं पाहिलं. टीपकागद काढलाच नाही. गरजच नव्हती. चाळीस नंबर आणि ते तेल यांतला फरक त्यांना झोपेतसुद्धा कळला असता.

मी वाट बघत होतो, आता बोलतील. ते हात पुसून उठले, सायकल काढली आणि दवाखान्याकडं निघाले. मी मागोमाग गेलो.

आबांच्या खाटेशी ते उभे राहिले. संघाचे दोघं-तिघं होते, आई होती, जीपमधल्या एका लेकुरवाळीचा नवरा होता. उस्ताद म्हणाले, "आबा, माझा अंदाज चुकला. चेंबर आधीच धुवायला पायजे व्हतं. म्या हंगामाची वाट बघितली."

आबा त्यांचा हात धरून म्हणाले, "चुकतंय माणसाचं. तुम्ही कशाला मनाला लावून घेता?"

मी तिथंच भिंतीला टेकून उभा होतो. बोलायची तीच वेळ होती. पण आबांचं ते वाक्य मला असं लागलं, की जीभ उचललीच नाही. उस्तादांची चूक होती तर 'चुकतंय माणसाचं.' माझी चूक आहे म्हटलं असतं, तर आबा हेच म्हणाले असते का?

बाहेर आल्यावर मी उस्तादांना गाठलं. "तुम्ही खोटं का बोललात?"

"खोटं कुठं बोललो? अंदाज चुकलाच की. गाडीला इचारलं, आबांस्नी इचारलं, रस्ता कसा, माणसं किती, सगळं इचारलं. घरात दुसरा मेकॅनिक हाय, त्याच्या मनात काय हाय त्ये इचारायचं राहून गेलं." त्यांनी सायकलवर टांग टाकली. "बापाला सांगायचं का न्हाय त्ये तुझं तू बघ. म्या सांगनार न्हाय."

आयुष्यात पहिल्यांदा ते मला फिटरसाहेब म्हणाले नाहीत.

बातमी पसरायला वेळ लागला नाही. उस्तादांच्या सल्ल्यानं आबांचा पाय गेला. बाजारच्या दिवशी हेच, येरमाळ्याच्या हॉटेलात हेच. फटाकेवाले आले ते सरळ माझ्याकडं. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी गाडीसाठी माणूस पाठवला तो माझ्याकडं. लोक फाटकातून आत यायचे, लिंबाखाली बसलेल्या उस्तादांच्या अंगावरून पुढं यायचे आणि मला विचारायचे, "तेल कुठलं टाकू, साहेब?"

जे मागितलं होतं ते सगळं मिळालं. आणि मला कळेना की सांगू काय. पुस्तकातलं सांगायला गेलो की डोळ्यांपुढं ती जाळी यायची. मग मी हळूच विचारायला लागलो, किती चालवता? कुठल्या रस्त्यानं? आधीच्या मालकानं काय टाकलं होतं? एकदा तर दार लावून मी टीपकागदावर थेंब टाकून बघितला. तासभर त्याच्यापुढं बसलो. मला नुसता डाग दिसला.

आणि आबा? काठी टेकत टेकत आबा रोज संध्याकाळी वर्कशॉपात यायचेच. ज्या माणसानं आपला पाय घालवला असं सगळा मुलूख म्हणतोय, त्याच माणसाशेजारी जाऊन बसायचे. "जय भीम, उस्ताद." "रामराम, आबा." दोघांची डोकी जवळ. लोक उठून गेले, मान गेला, सगळं माझ्याकडं आलं. पण मला हवं होतं ते एवढंसं अजून त्यांच्याचकडं होतं.

दोन वर्षं मी हे असं ओढलं. शेवटी सांगितलं, तेही काही चांगुलपणानं नाही. एका दुपारी फटाकेवाले वर्कशॉपात चहा पीत बसले होते. डॉक्टर होते, आबा होते, उस्ताद बाजूला स्क्रू मोजत होते. फटाकेवाले सहज म्हणाले, "आबा, तुमचं नशीब म्हणून असला पोरगा घरात. न्हाय तर ह्या जुन्या लोकांनी..." आणि उस्तादांकडं बघून हसले. मी आबांकडं पाहिलं. आबा माझ्याकडं बघत नव्हते. त्यांचा चेहरा उस्तादांसाठी दुखावला होता.

मी म्हणालो, "तेल मी बदललं होतं. यात्रेच्या आधी. आबांना न सांगता. उस्तादांनी सांगितलेलं तेल मी काढून टाकलं होतं."

डॉक्टरांनी कप खाली ठेवला. फटाकेवाले उस्तादांकडं बघत राहिले, मग उठून त्यांच्यापुढं गेले आणि त्यांनी हात जोडले. "उस्ताद, दोन वर्षं तुम्ही हे अंगावर घेतलं? काय माणूस हाय राव!" डॉक्टरही उठले. संघातले लोक गोळा झाले. ज्याच्या त्याच्या तोंडी उस्ताद. मी एकटा बाकावर. आयुष्यातली सगळ्यात अवघड गोष्ट मी बोललो होतो आणि मोठे झाले ते! तुम्हाला हसू येईल, पण त्याही वेळी मी जळलो.

उस्ताद मात्र भडकले. त्यांना रागावलेलं मी तेवढं एकदाच पाहिलं. "झालं समाधान? आता पुन्हा सकाळपासनं रांग लागंल माझ्याम्होरं! दोन वर्षं जरा निवांत व्हतो. कुणी इचारत नव्हतं, कुणी थांबवत नव्हतं. कुणी सांगितलं व्हतं तुला बोलायला?" आणि स्क्रूचा डबा उचलून ते शेडमागं निघून गेले.

आबा काठी घेऊन उठले. मला वाटलं, मारतील. मारलं असतं तर बरं झालं असतं. ते एवढंच म्हणाले, "घरी जाताना दळण घिऊन ये." आणि लंगडत फाटकाबाहेर पडले. त्या विषयावर ते पुन्हा कधी बोलले नाहीत. ना राग, ना माफी.

पुढं तीन-चार वर्षांनी उस्ताद नोकरीतून मोकळे झाले. मूलबाळ म्हणायला एक मुलगी, तीही सोलापूरला दिलेली. तिच्याकडं कायमचं जायचं ठरलं. आमची जीप इंजन दुरुस्त करून कधीच चालती झाली होती. आबांनी मला सांगितलं, "जीपनं सोडून ये." निघताना दोघं एकमेकांच्या गळ्यात पडले. मेंढरं विकली तेव्हा ज्याच्या डोळ्यांत पाणी नव्हतं तो माझा बाप लहान मुलासारखा रडला. मी स्टिअरिंग धरून समोर बघत बसलो.

तुळजापूर मागं टाकलं. तामलवाडीला चहाला थांबलो. रस्त्याकडेच्या बाकड्यावर बसलो होतो. ट्रक जात होते. मी म्हणालो, "उस्ताद, मी तुमच्यावर लई जळलो."

"ठावं हाय की," ते चहा फुंकत म्हणाले. "जळक्या वासावर तर माझं पोट चाललं."

मग म्हणाले, "म्या बी तुझ्यावर जळायचो."

"माझ्यावर? कशापायी?"

"आबा रोज दोन दोन तास माझ्यापाशी बसायचे, तवा काय बोलायचे असं वाटतं तुला?"

"इंजनाचंच असेल काहीतरी."

"इंजनातलं त्यांस्नी काय कळतंय! तुझंच सांगायचे. पोरगं आयटीआयला पहिलं आलं. पोरगं डाव्या हातानं पाना धरतंय. पोराला घट्ट पिठलं आवडतंय. पोराला जवळ घ्यावं वाटतंय, पर आता मोठं झालं, कसं घ्यावं. रोज हेच. मला पोरगा न्हाय. म्या ऐकून घ्यायचो आन घरी जाऊन एकट्यानं भाकरी खायचो, ती ग्वाड लागायची न्हाय. मग म्या जळू नगं तर काय करू?"

त्यांना मुलीच्या दारात उतरवलं, ट्रंक आत नेऊन ठेवली, पाया पडलो. परत निघालो तेव्हा जीप जमिनीवरून चालत नव्हती.

तुळजापूरच्या अलीकडं कुठंतरी माझ्या मनात आलं, हा तोच माणूस आहे, ज्यानं माझ्यासाठी दवाखान्यात भरल्या लोकांत डोळ्याची पापणी न हलवता माझी चूक आपली म्हणून सांगितली होती. डाव्या हातानं पाना धरतो हे त्यांनी स्वतःच रोज पाहिलं होतं. पिठल्याचं तर सगळ्या वर्कशॉपला माहीत होतं, माझा डबा उघडला की सगळे हसायचे. मग आबांचं ते बोलणंही त्यांनी माझ्यासाठी रचलेलं नसेल कशावरून?

घरी पोचलो. आबा ओसरीवर बाजेवर बसले होते. म्हणाले, "पोचले का नीट?"

"पोचले."

विचारायचं अगदी ओठांवर आलं होतं. आबा, तुम्ही तिथं बसून काय बोलत होता? त्यांनी पाय वर घेतला, दोन बोटं नसलेला, आणि धोतर त्याच्यावरून सारखं केलं. मी आत जाऊन पाणी आणलं. त्यानंतर आबा नऊ वर्षं जगले. रोज माझ्यासमोर बसून जेवले. मी विचारलं नाही.

खरं असेल तर माझ्यासारखा सुखी कुणी नाही, आणि मला ते फार उशिरा कळलं. खोटं असेल, तर मला आयुष्यभर जे ऐकायचं होतं ते त्या माणसाला एका चहाच्या वेळात सुचलं. माझ्या बापाला सुचलं नाही, मलाही कुणासाठी कधी सुचलं नाही. यातलं काय धरावं ते मला आजही ठरवता येत नाही. हेवा मात्र दोन्हीकडून उस्तादांचाच वाटतो.